आपला धूर आपल्या घरात

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी चहा उकळताना उगीचच एक जुनी संध्याकाळ आठवली. आमचा केदार पहिलीत होता, म्हणजे एकोणनव्वद साल असेल. हे, म्हणजे दीनानाथ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून आले, स्कूटर लावली, हातपाय धुतले आणि नेहमीसारखे गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले. मी चहा घेऊन शेजारच्या खुर्चीत. कारखान्यात ठिणगीचं भय, त्यामुळे काडेपेटी, सिगारेट सगळं गेटवर जमा करावं लागे. दिवसभराचा उपास ते घरी येऊन सोडत. पहिली सिगारेट पेटली, की डोळे मिटून एक लांब झुरका आणि मग ते बोलायला लागत. एरवी फार कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी नागोरावांची गोष्ट सांगितली. नागोरावांनी गेटवर जमा केलेली बिडी शिपायानेच ओढली, तर नागोरावांनी साहेबांकडे रीतसर अर्ज केला : 'सदर बिडी मला परत मिळावी.' मी इतकी हसले, की चहा बशीत सांडला. बस, एवढंच. त्या संध्याकाळी बाकी काही घडलं नाही.

त्याच सुमाराला शेजारच्या सुशीलाबाईंनी त्यांच्या गॅलरीच्या भिंतीवर पाटी लावली. 'आपला धूर आपल्या घरात ठेवावा. आमच्या देवांना सवय नाही.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होता कामा नये, हे कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून घोटून घ्यायच्या. आठवड्याभरात आम्ही गॅलरीला सरकत्या काचा बसवून घेतल्या. सुशीलाबाईंनी पाटी काढली आणि डबाभर चिरोटे पाठवले. आमची गॅलरी मात्र उबदार झाली. पडदे दर महिन्याला धुवावे लागत. पाणी अगदी चहाच्या रंगाचं निघे. पण सगळ्या दिवसात आमची अशी तेवढीच वेळ होती आणि ती आम्ही पस्तीस-चाळीस वर्षं सोडली नाही.

डिसेंबरात ह्यांना हार्ट अटॅक आला. एक स्टेंट टाकला. सिगारेट त्या दिवसापासून बंद. आता काचा उघड्या असतात आणि गॅलरीत कोणी बसत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ही डायरी मी मराठीत लिहिते, कारण लग्न होऊन आले तेव्हा माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला सासूबाई हसायच्या. 'मी उद्या आली' म्हणाले, की घरभर हशा. रोज चार ओळी लिहून मराठी सुधारली, सवय राहिली.

आज ह्यांचं नि माझं वाजलं. डॉक्टरांनी जिने दिवसातून एकदाच म्हणून सांगितलंय, त्यामुळे भाजी, औषधं, दूध, बँक सगळं माझ्याकडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी बाहेर गेले, की ह्यांना कोपऱ्यावरची टपरी आठवते, म्हणून मी बाहेरून कडी लावून जाते. आज परत आले तर दाराच्या आतून म्हणतात, "जेलरसाहेब, कैद्याला चहा मिळेल का?"

"आधी जेलरला कडी काढू देत, मग कैद्याला चहा," मी म्हटलं. हसायचा प्रयत्न केला, पण धाप लागली होती. हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबावंच लागतं. आज तिथे उभी होते तर सुशीलाबाई मागून आल्या. अठ्ठ्याहत्तर पूर्ण.

"काय नीरजाबाई, आज इथेच मुक्काम का?" म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

वजन वाढलंय माझं. शिवाय डाव्या दाढेने डोकं वर काढलंय. विचित्र दाढ आहे. जिना चढताना दुखते आणि बसलं की थांबते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. केदार आणि वल्लरी खराडीहून आले. वल्लरीला पाचवा महिना. काळी साडी तिला इतकी शोभत होती, की मी तिला हलव्याचे दागिने घालून फोटो काढला. कारखान्याच्या गोष्टी ऐकायला तिला फार आवडतं, पण हे आज गप्प होते.

केदारने जाताना मला मिठी मारली. चाळिशी ओलांडली तरी मिठी मारतो. त्याच्या शर्टाला बडीशेपेचा वास होता आणि त्याच्या खाली आणखी एक, इतका ओळखीचा, की मला चटकन रडू आलं. महिनाभर घरातून गेलेला वास. ऑफिसात कोणी ओढत असेल, दुसरं काय. मी विचारलं नाही. जरा जास्त वेळ धरून ठेवलं एवढंच.

"आई, श्वास घेऊ दे," तो म्हणाला.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी उठले तर हे गॅलरीत. ओठात सिगारेट, न पेटवलेली. जुन्या कोटाच्या खिशात सापडली म्हणे.

"पेटवली नाही गं. नुसती धरलीय."

मी हात पुढे केला. शाळेत सिस्टर चिंचा जप्त करायच्या तसा. त्यांनी मुकाट्याने सिगारेट हातावर ठेवली आणि म्हणाले, "नीरू, तू आता पुरती सिस्टर झालीस. शिट्टी तेवढी हवी."

मग मला वाईट वाटलं. ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. बोलायला काही नाही. सिगारेट गेली आणि माणूसही अर्धा गेला, असं वाटतं. मी शेजारी बसून बघितलं. आम्ही दोघं दोन पाहुण्यांसारखे.

खालच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. ह्यांना एकटं टाकून कशी जाणार? शिवाय परत चढायचं होतं. वरूनच बांगड्यांचे आणि हसण्याचे आवाज ऐकले.

२८ जानेवारी, मंगळवार

दाढ दाखवून आले. डेंटिस्टने एक्स-रे काढला, ठोकून पाहिलं, थंड पाणी मारलं. "काकू, दात मजबूत आहेत तुमचे. काहीही नाही." आपल्यात दोष नाही हे ऐकून मी चक्क हिरमुसले. मग दुखतं ते काय?

दोन घास जास्त झाले, की छातीवर वजन ठेवल्यासारखं होतं. ॲसिडिटी. ओवा चावते, झोपताना थंड दूध घेते. केदारला सांगितलं नाही. एका घरात एक पेशंट पुरे. ह्यांच्या फाइली, ह्यांच्या गोळ्या, ह्यांचं मीठ. मीठ कमी केल्यापासून हे जेवताना अशा चेहऱ्याने बसतात, जणू मी शिक्षा वाढलीय.

कधी कधी वाटतं, दार उघडून उतरावं आणि कॅम्पात जावं, जुन्या शाळेसमोर उभं राहावं, वर्गातल्या ऑलिव्हला फोन करून बोलवावं, दोघींनी पॅटिस खावं. कॉलेजात असताना आम्ही तासन् तास असंच भटकायचो. आज मी भाजी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायच्या विचारानेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहते.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचं चार ओळींत भागणार नाही.

आज हॉस्पिटलात ह्यांचा व्यायामाचा वर्ग होता. अटॅक येऊन गेलेल्या लोकांना लांब कॉरिडॉरमधून चालवतात. भाग्यश्री नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, चटपटीत मुलगी. म्हणाली, "काकू, बसून काय राहिलात? काकांना कंपनी द्या." मी निघाले. हे टकाटक चालत होते. कॉरिडॉरच्या मध्यावर माझी दाढ दुखायला लागली, मग तोच ठणका डाव्या खांद्यात. मी भिंतीला टेकले.

"काय होतंय, काकू?"

"काही नाही गं, दाढ."

"चालताना दुखते? आणि थांबलात की जाते?" तिचा आवाज एकदम बदलला. तिने मला खुर्चीत बसवलं, मनगट धरलं आणि कोणाला तरी हाक मारली. दहा मिनिटांत माझ्या छातीवर वायरी. हे दारात उभे, हातात माझी पर्स.

"अहो, हिचं नाही, माझं आहे नाव यादीत," असं ते सारखे नर्सला सांगत होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. बायपास करायला हवा, फार दिवस थांबू नका, म्हणाले डॉ. मोडक. ह्यांचेही तेच डॉक्टर.

"माझी एक आणि हिच्या तीन?" हे म्हणाले. "रिपोर्टांची अदलाबदल नाही ना झाली?" हसण्यासारखं बोलले, पण कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, "सिगारेट, तंबाखू, मशेरी?"

"मी?" मला हसूच आलं. "डॉक्टर, मी कॉन्व्हेंटची."

"घरात कोणी ओढतं का?"

ह्यांनी घसा खाकरला. "मी. डिसेंबरपर्यंत."

"बाहेर ओढायचात की घरात?"

"घरातच. कारखान्यात मनाई होती ना. संध्याकाळी आल्यावर. गॅलरीत."

"गॅलरी उघडी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काचा आहेत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बसवल्या होत्या."

"आणि तुम्ही कुठे असायचात?"

"शेजारच्या खुर्चीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "एकट्या धुरावर सगळं ढकलता येणार नाही. तुमचं वय आहे, शुगर काठावर आहे. बायकांची दुखणी बायकाच अंगावर काढतात, तेही आहे. पण बंद जागेत, रोज, इतकी वर्षं म्हणजे ते तुम्हीही ओढल्यासारखंच झालं. थोडं कमी मापाने, पण रक्तवाहिन्यांना कोणाची सिगारेट ते कळत नाही."

परतताना रिक्षात मी हिशोब मांडत बसले. कारखान्यात हजारो माणसं सांभाळायची म्हणून काडी बाहेर ठेवायची. शेजारच्यांचे देव सांभाळायचे म्हणून काचा लावायच्या. सगळ्यांची सोय आम्ही बघितली.

८ फेब्रुवारी, शनिवार

तीन जिने चढायचे नाहीत म्हणून केदारने आम्हाला खराडीला आणलं. बारावा मजला. लिफ्ट आहे, पण एकटीने उतरायची मनाई. आंघोळीला कडी लावायची मनाई. पिशवी उचलायची मनाई. खिडकीतून नुसत्या काचेच्या इमारती दिसतात, त्यांच्यात आपलीच इमारत दिसते. ह्यांच्या दाराला मी बाहेरून कडी लावायचे. आता माझ्या दाराबाहेर ह्यांची खुर्ची असते. ढास लागली तरी ते आत डोकावतात.

बायपास अठराला. सतराला दाखल व्हायचं. छाती उघडतात म्हणे. ह्या शब्दाशी माझा विचार येऊन थांबतो आणि मग पुढे जात नाही, मागेही नाही.

दुपारी सुशीलाबाईंचा फोन आला. आधी पाण्याच्या मोटरीबद्दल बोलल्या. मग एकदम, "नीरजाबाई, त्या काचा तुम्ही माझ्या पाटीमुळेच लावल्यात ना?"

"छे हो. पाऊस आत यायचा, म्हणून."

"खोटं बोलायला कॉन्व्हेंटात शिकवत नाहीत, हे दिसतंच आहे." मग म्हणाल्या, "माझे देव तर मी त्याच वर्षी आतल्या खोलीत हलवले होते. सांगायचं राहिलं." आणि फोन ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ह्यांनी आज दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला बसले.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"भांड. शिव्या दे. तुला येत नाहीत, मी शिकवतो. माझ्यामुळे झालंय हे."

"डॉक्टर म्हणाले ना, एकच कारण नसतं."

"डॉक्टर सभ्य आहेत. तूही सभ्य आहेस. मला सभ्यपणाचा वैताग आलाय, नीरू."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना ते आवडलं नाही, हात काढून घेतला. मी रागावू कशी? रागावले तर त्या सगळ्या संध्याकाळींवर रागवावं लागेल. माझ्या संसारात तेवढंच तर पुरतं माझं होतं. ते काढून टाकलं तर मागे उरतं काय? कपडे, डबे, तीन जिने. आणि नाही रागावले तर हा माणूस असा माझ्या दाराशी खुर्ची टाकून बसणार. दोन्हीकडून वाट बंद आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज समजलं. खरं तर संक्रांतीलाच समजलं होतं, मी समजू दिलं नाही.

जेवण झाल्यावर केदार "जरा मोकळी हवा खातो" म्हणून बाल्कनीत गेला, वल्लरी मागोमाग. काचेचं दार त्यांनी ओढून घेतलं, धूर आत येऊन आम्हाला त्रास नको म्हणून. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी आहे आणि जाळीला वरून खालपर्यंत प्लॅस्टिक लावलंय, धूळ येऊ नये म्हणून. पाणी प्यायला उठले तर मला दोघांच्या सावल्या दिसल्या आणि तो लालसर ठिपका. वल्लरी वेताच्या मोढ्यावर बसली होती, हात पोटावर. हसत होती. केदार बोलत होता, हातवारे करत. दिवसभर लॅपटॉपपुढे मुका असणारा माझा मुलगा.

वल्लरी आत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.

"कधीपासून?"

ती दचकली. "आई, तो सोडणार आहे. बाळ आलं की लगेच. आम्ही ठरवलंय. आणि घरात नाही हं ओढत, ऑफिसच्या कँपसमध्ये तर नो स्मोकिंगच आहे, म्हणून मग हे रात्रीचंच, दोन-तीन."

"तू का जाऊन बसतेस?"

"मी ओढत नाही, आई! प्रॉमिस."

"ते मला माहीत आहे. बसतेस का?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हाच तर तो माझ्याशी नीट बोलतो."

मला ओट्याचा आधार घ्यावा लागला. ती घाबरली, "बाबांना बोलवू?" म्हणाली. मी नको म्हटलं. जिभेखालची गोळी ठेवली. मला तिला काही सांगायचं होतं, पण श्वास पुरेना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस शब्द जुळवतेय. केदारला खोलीत बोलावलं. तो माझ्या गोळ्यांचा डबा नीट लावत बसला.

"केदार, तुझी सिगारेट."

"आई प्लीज, आता नको. तुझं ऑपरेशन होऊ दे, तू टेन्शन घेऊ नकोस. मी सोडतोय म्हटलं ना." आणि माझ्या कपाळाची पापी घेऊन गेला. बडीशेप.

सगळे माझ्या हृदयाला जपताहेत, म्हणून मला कोणी बोलू देत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या दाखल व्हायचं. डॉ. मोडक म्हणाले, बहुतेक बायका दहा दिवसांत घरी जातात. बहुतेक हा शब्द त्यांनी फार मायेने उच्चारला. म्हणून लिहून ठेवते. कोणाला काय द्यायचं ते.

माझ्या मोत्याच्या कुड्या वल्लरीला. कांजीवरम तिला नको असेल तर तिच्या आईला विचारावं, त्यांना जांभळा रंग आवडतो. हलव्याचे दागिने पुढच्या वर्षी नवीन करावेत, ते टिकत नाहीत.

ऑलिव्हला माझी प्रार्थनेची छोटी पुस्तिका, शाळेतली. तिच्यावर तिचंच नाव आहे. मी तेव्हा परत केली नव्हती. पोस्टाने पाठवू नये, कोणीतरी कॅम्पात जाऊन द्यावी आणि तिच्याबरोबर पॅटिस खावं.

सुशीलाबाईंना घराची किल्ली. त्यांना सांगावं, की काचा काढून टाकायला माणूस बोलवायचा आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करणार नाही. त्यांना काम हवंय, माफी नको. त्यांना माफी दिली तर त्या पाटी लावतील.

केदारला माझ्या अँजिओग्राफीची सीडी. फाइलीच्या मागच्या कप्प्यात आहे. मी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर ती पाहिलीय. काळ्या झाडाच्या फांद्यांसारखं दिसतं आणि तीन ठिकाणी फांदी दोऱ्याएवढी होते. त्याच्याकडे सीडी चालवायचं यंत्र नाही, तो कुठूनही पैदा करील, त्यातलाच आहे तो. वल्लरीला शेजारी बसवून पाहावी, बाल्कनीत नाही, आत, दिवा लावून. आणि पाहताना तिला सांगावं, की हे सिगारेट कधीच न ओढलेल्या बाईचं आहे. बाळ येईपर्यंत थांबायचं नाही. बाळ आलेलंच आहे. वल्लरीशी बोलायला त्याला काही पेटवावं लागत असेल, तर आधी काही दिवस गप्पच बसावं. तिला ते आवडणार नाही, पण चालेल.

दीनानाथांनी केदारची सिगारेट बंद होईपर्यंत ह्या घरात राहू नये. गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लावल्यात. मीठ चोरून खातील, तेवढं खाऊ द्यावं.

दीनानाथांना आणखी एक गोष्ट द्यायची आहे. सोमवारी त्यांनी मागितली होती, मी दिली नाही.

अहो, मला राग आहे. खूप आहे. तुम्ही कारखान्यात दिवसभर थांबू शकत होता, हजार माणसांसाठी, आणि घरात माझ्यासाठी एक संध्याकाळ थांबला नाहीत. मला ढास लागायची तेव्हा तुम्ही पाणी आणून द्यायचात आणि दुसरी पेटवायचात. तुम्ही नुसते बोलला असतात तरी मी तितकीच हसले असते. नागोरावांची गोष्ट धुराशिवायही तितकीच चांगली होती. हे मला इतकी वर्षं कळलं नाही, ह्याचाही मला तुमच्यावरच राग आहे. आता माझी छाती उघडणार आहेत आणि मला भीती वाटतेय, आणि तुम्ही बाहेर पर्स धरून उभे राहणार आहात. मला परत यायचंय. उरलेलं भांडण तोंडी करायचंय. तुम्ही शिव्या शिकवणार होता.

ही डायरी आजवर कोणाला दिली नाही. उद्या सकाळी निघण्याआधी त्यांच्या हातात देईन. आता लगेच वाचा, मी समोर बसते, असं म्हणेन. ते चष्मा शोधत घरभर फिरतील आणि तो त्यांच्या कपाळावर असेल. सांगणार नाही मी. शोधू देत.